शनिवारचे मासे

मृग लागून पहिला दमदार पाऊस झाला की आमच्या भंडाऱ्याच्या बाजारात गावठी मासा दिसू लागतो. नव्या पाण्याची चाहूल लागताच मासा तलावातून नाल्यात, नाल्यातून धानाच्या बांध्यांत वर चढतो. त्याला अंडी घालायची असतात. सांडव्यावर आणि नाल्याच्या तोंडाशी त्याच वेळी जाळी लागलेली असतात. आम्ही बाजारात जातो आणि ढिवरणीला पहिला प्रश्न विचारतो, "बाई, अंडी आहेत ना?" अंडी असली की आम्ही भावासाठी फारशी घासाघीस करीत नाही.

मटण घेताना आम्ही किती चौकस असतो! कोणी कापले, कसे कापले, सारे विचारतो. माशाला जबिहा लागत नाही. तो पाण्यातून आला, हलाल आहे, संपले. त्यामुळे माशाच्या बाबतीत आम्ही काहीच विचारत नाही. पण जे हलाल आहे ते कोणत्याही दिवशी, कितीही घेतले तरी योग्यच ठरते का?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हांला दूर जावे लागत नाही. कुरआनात सूरह आराफमध्ये समुद्रकाठच्या एका वस्तीची हकीकत आहे. शनिवारी मासेमारी करायची नाही असा त्या लोकांना हुकूम होता आणि नेमके शनिवारीच मासे पाण्यावर उघड दिसत. इतर दिवशी येत नसत. भाष्यकार सांगतात की लोकांनी मग युक्ती काढली. शनिवारी जाळी लावून ठेवायची, मासा रविवारी उचलायचा. हुकूम शब्दाने पाळला, नीयतीने मोडला. तो मासाही हलालच होता. चुकला होता तो दिवस.

आमचा पावसाळा हा माशांचा शनिवार आहे. ज्या दिवसांत हात आवरायचा त्याच दिवसांत मासा हाताला सहज लागतो. मरळ तलावाच्या काठच्या गवतात अंडी घालते. पिल्ले बाहेर आली की थव्याने फिरतात आणि आईबाप त्यांची राखण करतात. त्या वेळी एक मोठी मरळ पकडली तर ताटात एकच मासा येतो, पण मागे सारा थवा उघडा पडतो. रोहू, कतला यांची गोष्ट वेगळी. ते वाहत्या पाण्यातच अंडी घालतात, साचलेल्या तलावात नाही. १९५७ साली हीरालाल चौधुरी यांनी ओडिशात या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी करून दाखवले आणि तेव्हापासून बीज विकत आणून तलावात सोडण्याची वाट मोकळी झाली. रोहू पुन्हा विकत आणता येईल. गावठी मासा संपला तर त्याचे बीज कोण विकणार?

समुद्रात महाराष्ट्राने १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी घातलेली आहे. तलावावरचा नियम मात्र बाजारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दिसत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात विनेबेगो नावाचे सरोवर आहे. फेब्रुवारीत ते गोठते. लोक बर्फावर झोपडी उभारून, बर्फाला भोक पाडून, हातात भाला घेऊन स्टर्जन नावाच्या प्रचंड माशाची वाट पाहत बसतात. या माशाची मादी पहिल्यांदा अंडी घालते तीच विशीच्या पुढे. म्हणून तिथे हंगाम जास्तीत जास्त १६ दिवसांचा. एका माणसाला एकच मासा. मारलेला प्रत्येक मासा त्याच दिवशी नोंदवायचा. नर, वयात आलेल्या माद्या आणि न आलेल्या माद्या यांची मर्यादा वेगवेगळी. एक मर्यादा भरली की हंगाम बंद, मग कोणी आठवडाभर रिकाम्या हाताने बसलेला असला तरी.

व्यवस्था चांगली आहे. पण तिथला भालेकरी रिकाम्या हाताने घरी गेला तरी त्याची चूल विझत नाही. आमच्या ढिवराची विझते. त्याला संयमाचा उपदेश करण्यापूर्वी आम्ही त्याचा इतिहास आठवावा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने या जिल्ह्यात तलाव बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांना 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलाव हे नाव पडले. ढिवर आता सोसायटीमार्फत ठेक्याने तलाव घेतो. ज्याला पुढच्या ठेक्याची शाश्वती नाही त्याने पुढच्या पिढीचा मासा राखावा, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून, कन्हानमार्गे वैनगंगेत येते आणि पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणात साचते. ते पाणी सोडणाऱ्यांना संयम कोणी शिकवला? ज्याच्या हातात जाळे आहे तेवढाच गुन्हेगार ठरवणे सोपे असते, कारण बाकीच्यांचे हात कोरडे दिसतात.

तरीही मासा थांबत नाही आणि कारण कितीही खरे असले तरी त्याने अंडी परत येत नाहीत. पूर्वीच्या अखंड भंडारा जिल्ह्यात, आजच्या गोंदियात, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाबरोबर तलावांतली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावण्याचे काम केले. ढिवरांना काय राखायचे ते ठाऊक आहे. राखण्याची ऐपत त्यांना कोण देणार, एवढेच विचारायचे आहे.

इथे ती हकीकत पुन्हा आठवते. त्या वस्तीत तीन गट होते. एक हुकूम मोडणारा. दुसरा त्यांना समजावणारा. तिसरा समजावणाऱ्यांनाच विचारणारा, की यांना सांगून काय उपयोग? आम्ही स्वतःला या तिसऱ्या गटात धरत आलो. आम्ही जाळे टाकत नाही, कोणाला अडवत नाही. पण खरे पाहता तिसरा गटही आमच्यापेक्षा बरा. त्याने शनिवारचा मासा जास्त भाव देऊन विकत घेतल्याचे कुठे आलेले नाही.

म्हणून आमच्या हातात जे आहे ते आम्ही करावे. मृगापासून पोळ्यापर्यंत अंडी भरलेला गावठी मासा घेऊ नये. पोळ्यानंतर त्याच ढिवरणीकडून घ्यावा आणि पावसाळ्यात तिने जे सोसले ते ध्यानात ठेवून भाव द्यावा. सोसायटीला लांब मुदतीचा ठेका मिळावा म्हणून आमच्या अर्जावरही सह्या असाव्यात. भार एकट्या ढिवराने उचलायचा आणि पुण्य आम्ही घ्यायचे, हा सौदा इमानाचा नाही.

समजावणारे वाचले आणि मोडणाऱ्यांना शिक्षा झाली, असे पुढे येते. तिसऱ्या गटाचे काय झाले ते तिथे स्पष्ट सांगितलेले नाही. भाष्यकारांत त्यावर मतभेद आहेत. येत्या मृगात पिशवी घेऊन बाजारात जाताना आम्हांला तेवढे आठवले तरी पुरे.