निष्कपट असावे, सावधही असावे



आपल्यापैकी पुष्कळांचे आईवडील नगर जिल्ह्यातून, मराठवाड्यातून पिंपरीत आले ते कारखान्यात पोट भरण्यासाठी. 1954 साली स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स असो, टेल्को असो की बजाज. काम कष्टाचे होते, पण त्या कामाला गेट होते. हातात कार्ड होते, वर साहेब होता, साहेबाशी भांडायला युनियन होती. अपघात झाला तर कोणाचे दार ठोठवायचे हे माहीत होते.

आज आपली मुले कॉलेज सांभाळून काम शोधतात ती मोबाईलवर. कोणी रात्री जेवणाची पार्सले पोचवतो, कोणी घरी बसून टायपिंग करते. फी भरताना आईवडिलांवर भार नको, ही त्यांची भावना पवित्रच आहे. पण या कामाला गेट नाही. 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिने अशा कामगारांना कायद्यात स्थान दिले, कंपन्यांनी त्यांच्यासाठी निधी द्यावा असेही ठरवले. मात्र त्यांची व्याख्या केली ती रूढ मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारे अशी. मग प्रश्न पडतो: नाते नाही म्हणून जबाबदारीही नाही काय?

प्रभू येशूने शिष्यांना जगात पाठवताना कबुतराचे आणि सापाचे उदाहरण एकाच वेळी दिले. आपण मुलांना कबुतराचा धडा देतो आणि सापाचा विसरतो. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाला सद्गुणांमध्ये मानाचे स्थान दिले आहे. म्हणजे काम घेण्यापूर्वी चौकशी करणे हा अविश्वास नव्हे, तो सद्गुण आहे.

फसवणुकीची रीत आता ओळखीची झाली आहे. व्हिडिओला लाईक करा, हॉटेलला चांगला शेरा द्या, असे सोपे काम येते. पहिल्या दिवशी शे-दीडशे रुपये खरोखरच जमा होतात. मग मोठ्या कामासाठी आधी पैसे भरायला सांगतात आणि अडकलेले पैसे सोडवायला आणखी. अशा वेळी एकच कसोटी पुरे: मजुरी मालकाकडून मजुराकडे जाते. जो मजुराकडूनच पैसे मागतो तो मालक नव्हे.

याहून घातक मोह दुसरा आहे. 'तुझे बँक खाते काही दिवस वापरू दे, कमिशन देतो,' असे कोणी सांगतो. त्या खात्यातून दुसऱ्या कुणा गरिबाचे लुबाडलेले पैसे फिरतात आणि पोलीस दार ठोठवतात ते आपल्या मुलाचे. 'मला माहीत नव्हते' हे खरे असेल. पण विचारायचेच टाळले असेल, तर ते अज्ञान निर्दोष म्हणता येईल काय? कष्टाशिवाय येणारा पैसा कुठून येतो हे विचारणे, हीसुद्धा शेजाऱ्यावरील प्रीती आहे.

रस्त्याचेही तसेच. चाकण-तळेगाव रस्त्यावर रात्री कंटेनरांच्या मधून दुचाकी काढणारा मुलगा कुणाच्या घाईसाठी धावतो? आपल्याच. पार्सल पाच मिनिटे उशिरा आले म्हणून आपण रागावतो, तेव्हा त्याच्या जिवाच्या धोक्यात आपलाही वाटा असतो. घरच्या गाडीचा विमा अशा कामात झालेल्या अपघाताला लागू होतो का, हे आधीच विचारावे. अठरा वर्षांखालील मुलाला गाडी देऊन कामाला धाडू नये. 2019 च्या दुरुस्तीपासून पालकांनाही त्यासाठी शिक्षा आहे.

पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली 'रेरुम नोवारुम' या पत्रात शिकवले की दोघांचा करार झाला एवढ्याने मजुरी न्याय्य ठरत नाही. 2025 मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी तेच नाव घेतले आणि नव्या तंत्रज्ञानाच्या काळात श्रमाची प्रतिष्ठा जपण्याची गरज हे त्याचे एक कारण सांगितले. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातला धनी स्वतः चौकात गेला, रिकामे उभे असलेल्यांना त्याने कारण विचारले आणि संध्याकाळी सर्वांना मजुरी दिली. आपल्या मुलांच्या कामात असा विचारणारा धनी नसेल, तर विचारणारे आपण व्हायला हवे.

घरी एवढे करू या. काम कोणते, कुठे, कोणाकडून, परत येणार कधी, हे प्रेमाने विचारू या. फसलेल्या मुलाला 'अक्कल कुठे गेली होती?' असे म्हणू नये. लाजेपायी मूल गप्प बसते आणि तेवढ्यात पैसे पुढे निघून जातात. लगेच 1930 या क्रमांकावर फोन केला, तर ते अडवले जाण्याची आशा असते. ज्यांनी कारखान्यात हयात घालवली त्या ज्येष्ठांनी मिस्सानंतर या मुलांजवळ दोन मिनिटे थांबावे. गेट नसलेल्या कामाला आपला धर्मग्रामच गेट होऊ दे.

कामकऱ्यांचे आश्रयदाते संत योसेफ आपल्या मुलांच्या हातांचे आणि वाटेचे रक्षण करोत. आमेन.