गोलात कोण नाही

विज्ञानावर ब्लॉग लिहिणाऱ्यांचा एक मेळावा जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात भरला. पुढे तो ‘सायन्स ऑनलाइन’ या नावानं ओळखला गेला. व्यासपीठ आणि श्रोते हा भेद मोडायचा, ही त्याची रीत. कुणीतरी विषय काढायचा आणि जमलेल्या सगळ्यांनी तो पुढे न्यायचा. हारतुरे, स्वागताध्यक्ष आणि ‘वेळेअभावी’ रद्द झालेली प्रश्नोत्तरं ज्यानं सोसली आहेत, त्याला हे ऐकूनच मोकळं वाटेल. असं काही रायपूरला भरवावं, असं मराठी-हिंदीत विज्ञान लिहिणाऱ्या आम्हा चारजणांच्या मनात आहे. पण विचार करू लागलं की एक प्रश्न अडवतो. बोलायचा हक्क सगळ्यांना सारखा दिला, म्हणजे सगळ्यांच्या म्हणण्याला सारखं वजन द्यायचं का?

रायपुरात हा प्रश्न हवेतला राहत नाही. डॉ. आर. एच. रिछारिया हे धानाचे शास्त्रज्ञ. कटकच्या केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेचे संचालक असताना त्यांनी परदेशी बुटक्या वाणांच्या घाईला विरोध केला आणि पद गमावलं. पुढे सत्तरच्या दशकात रायपूरच्या संस्थेत राहून त्यांनी गावोगावच्या धानाचे सुमारे १९ हजार नमुने गोळा केले, शेतकऱ्यांनी ठेवलेल्या नावांसकट. कुठलं धान माळावर तगतं, कुठलं साचल्या पाण्यात, कुठलं लवकर हाती येतं, हे शेतकऱ्यांनाच ठाऊक होतं. तो ठेवा आता इथल्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आहे. २००२ मध्ये सिंजेंटा कंपनीशी विद्यापीठाचा करार होत असल्याचं बाहेर आलं, लोक रस्त्यावर उतरले आणि कंपनीनं माघार घेतली.

आता दुसरी बाजू. हरेलीला इथे दारोदारी कडुलिंबाच्या डहाळ्या खोचतात. (छत्तीसगडात ही श्रावणातली अमावस्या, आपल्या पंचांगात आषाढातली, म्हणजे दिव्यांची अवस.) डहाळी कुणाचं काही बिघडवत नाही. पण तिच्यामागे टोनहीची, म्हणजे चेटकिणीची, भीती आहे आणि त्या भीतीपायी बायकांना मारहाण झाली आहे, जीवही गेले आहेत. राज्याला २००५ मध्ये टोनही प्रताडना निवारण कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे.

धानाबद्दल गावाचं ऐकायचं आणि टोनहीबद्दल नाही, हा दुटप्पीपणा झाला, असं आमच्यातला एक मित्र म्हणतो. मला तसं वाटत नाही. म्हणणं कुणाचं आहे यापेक्षा ते चूक ठरायला वाट ठेवली आहे का, हे मी बघेन. अमुक धान पाण्यात तगतं, हा दावा दर पावसाळ्यात पणाला लागतो. चुकला तर सांगणाऱ्याच्याच कोठीत धान कमी येतं. टोनहीच्या आरोपाला अशी परीक्षाच नसते. ती रडली तर सोंग, गप्प राहिली तर मंत्र. शिवाय चुकीची किंमत आरोप करणारा देत नाही, ती देते. हे माप शास्त्रज्ञांनाही लागतं. बुटक्या वाणांचा आग्रह धरणाऱ्यांपैकी कुणाचीही कोठी त्या आग्रहापायी रिकामी राहणार नव्हती.

मग ते आम्हालाही लावायला हवं. टोनहीच्या समजुतीविरुद्ध मी लिहितो, ते वाचणारे बहुतेक तिला आधीपासूनच मानत नसतात. आम्ही एकमेकांना पटलेलं पुन्हा पटवतो. आमचं म्हणणं चुकलं तर आमचं काय जातं? फार तर दोन दिवसांचा वाद. व्यासपीठ असलं की निदान कोण वर बसलंय आणि कोण खाली, हे दिसतं. गोल करून बसलं की सगळे सारखे वाटतात आणि ज्याला गोलात जागाच नव्हती त्याची आठवण राहत नाही. पाच धानांची पारख असलेली पाटणकडची म्हातारी किंवा जिच्या दारावरून लोक तोंड फिरवून जातात ती बाई, या दोघींपर्यंत आमचं निमंत्रण कसं पोचणार? ते तर फोनवरून फिरणार.

म्हणून मी दोन आग्रह धरले आहेत. मेळावा धानकापणी उरकल्यावर घ्यायचा आणि छत्तीसगडीत बोलणाऱ्याला मधेच हिंदीत दुरुस्त करायचं नाही. दुसऱ्याला सगळ्यांनी लगेच मान डोलावली. पहिल्यावर अजून खल चालू आहे, कारण तेव्हा शहरातल्यांना सुट्या नसतात.