लोकहित आणि सल्ला : एका अहवालाचे वाचन

सरकारी समित्यांचे अहवाल साहित्यसमीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाहीत. ते वाचले जातात ते शिफारशींसाठी. शिफारशी बासनात बांधल्या गेल्या की अहवालही विस्मृतीत जातो. परंतु कर्तव्याची भाषा कशी घडते आणि कशी विरघळते हे पाहावयाचे असेल, तर या दुर्लक्षित गद्याइतके उद्‌बोधक लेखन क्वचितच सापडेल. डिजिटल दूरचित्रवाणी प्रसारकांच्या लोकहितविषयक बंधनांचा विचार करणाऱ्या अमेरिकी सल्लागार समितीने १८ डिसेंबर १९९८ रोजी सादर केलेला अहवाल या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. उपाध्यक्ष अल गोर यांच्या नावावरून ही समिती ‘गोर कमिशन’ म्हणून ओळखली गेली.

तिच्या नेमणुकीमागील व्यवहार आधी लक्षात घेतला पाहिजे. ध्वनिलहरींचे पट्टे मर्यादित. ते मागणारे अनेक. म्हणून ज्याला परवाना मिळतो त्याने ‘सार्वजनिक हित, सोय आणि गरज’ सांभाळावी, हे सूत्र अमेरिकी कायद्यात १९२७ पासून आहे आणि १९३४ च्या दळणवळण कायद्याने ते कायम केले. प्रसारक पट्ट्याची किंमत मोजत नाही. त्याचे मोल तो सेवेच्या रूपाने फेडतो, असा हा करार. १९९६ च्या कायद्यानुसार डिजिटल प्रक्षेपणासाठी विद्यमान केंद्रांना प्रत्येकी सहा मेगाहर्ट्‌झचा आणखी एक पट्टा मिळाला, तोही लिलावाविना. जुना पट्टा स्थित्यंतरानंतर परत करावयाचा होता. (ते स्थित्यंतर पूर्ण होण्यास जून २००९ उजाडले.) दूरध्वनी सेवांसाठीचे पट्टे त्याच काळात लिलावात प्रचंड रकमांना जात होते. तेव्हा या नव्या देणगीच्या बदल्यात प्रसारकांनी काय द्यावे, असा प्रश्न उभा राहिला आणि मार्च १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी तो समितीकडे सोपवला.

समितीला दोन अध्यक्ष होते : सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीचे लेस्ली मूनव्हेस आणि राज्यशास्त्रज्ञ नॉर्मन ऑर्नस्टाइन. सदस्यांत बालकार्यक्रमांसाठी आयुष्यभर झगडलेल्या पेगी चॅरेन होत्या, घटनातज्ज्ञ कॅस सन्स्टाइन होते, आणि दूरचित्रवाणीला ‘ओसाड माळरान’ ठरवून १९६१ मध्ये प्रसारकांना त्यांच्याच सभेत सुनावणारे न्यूटन मिनोही होते. त्यांच्याच पंक्तीला खुद्द प्रसारकही बसले होते. ऋणकोने ऋणाच्या अटी ठरविण्यासाठी धनकोच्या प्रतिनिधींबरोबर एका मेजाशी बसावे, अशी ही रचना. व्यवसायाचे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे त्यांना वगळून नियम करणे शहाणपणाचे नाही, हे मान्यच आहे. प्रश्न ज्ञानाचा नाही, संमतीचा आहे. देणे किती आहे हे सांगण्यासाठी देणेकऱ्याची साक्ष घेणे वेगळे आणि त्याची संमती मिळेपर्यंत देणे सिद्धच होत नाही असे धरून चालणे वेगळे. सहमतीकडे कल असलेल्या समितीत या दोहोंतील अंतर नकळत पुसले जाते.

ते कसे पुसले जाते, हे अहवालाच्या क्रियापदांत दिसते. मराठी व्याकरण आज्ञार्थ आणि विध्यर्थ असा भेद करते : ‘कर’ आणि ‘करावे’. अहवालाचे गद्य प्रायः दुसऱ्या रूपात वावरते. प्रसारकांच्या संघटनेने स्वतःची आचारसंहिता स्वतः तयार करावी. निवडणुकीपूर्वीचे तीस दिवस केंद्रांनी सायंकाळी पाच ते रात्री अकरा पस्तीसच्या दरम्यान रोज पाच मिनिटे उमेदवारांच्या विचारांना द्यावीत; परंतु स्वेच्छेने. सर्वांना लागू होतील अशा किमान बंधनांची शिफारसही अहवालात आहे, पण ‘किमान’ म्हणजे किती हे सांगण्याची वेळ येताच वाक्ये सैल पडतात. संहितेबाबत एक गमतीची गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. या व्यवसायाची जुनी संहिता १९८० च्या दशकाच्या आरंभी मोडीत निघाली ती मक्तेदारीविरोधी खटल्यामुळे. जाहिरातींवर तिने घातलेल्या मर्यादांना सरकारनेच हरकत घेतली होती.

येथे मीमांसकांचा एक भेद उपयोगी पडतो. विधी म्हणजे प्रवृत्त करणारे वाक्य. अर्थवाद म्हणजे स्तुती वा निंदा करून त्या प्रवृत्तीला बळ देणारे वाक्य. अर्थवादाला स्वतंत्र प्रामाण्य नाही; विधीशी एकवाक्यता साधली तरच तो सार्थ. लोकशाही, मुले, शिक्षण, आपत्तीच्या वेळच्या सूचना यांविषयी प्रस्तुत अहवालात जे लिहिले आहे त्यात खोटे काही नाही. किंबहुना बरेच काही मनापासून लिहिलेले आहे. परंतु तो अर्थवाद आहे, आणि ज्या विधीला तो जोडायचा तो विधीच बव्हंशी गैरहजर आहे. दुसरा भेद कर्मांचा. निमित्त उद्भवले की केलेच पाहिजे, न केल्यास दोष लागतो, ते नैमित्तिक कर्म. फळाची इच्छा असेल त्याने करावे, न केल्यास दोष नाही, ते काम्य. निवडणुकीच्या तोंडावर उमेदवारांना वेळ देणे हे आपल्या स्वरूपानेच नैमित्तिक आहे. समितीने ते काम्य करून टाकले. २००० च्या निवडणुकीत बहुसंख्य केंद्रांनी ती पाच मिनिटे दिली नाहीत, आणि त्याबद्दल त्यांना दोषही लागला नाही.

यावर प्रसारकांचा आक्षेप केवळ नफेखोरीचा म्हणून उडवून लावता येत नाही. काय दाखवावे हे शासन सांगू लागले की अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य धोक्यात येते, ही भीती खरी आहे. पण वेळ देण्याचे बंधन आणि आशयाचे बंधन या दोन गोष्टी एक नव्हेत. त्या पाच मिनिटांत शासन काहीच बोलणार नव्हते. बोलणार होते ते उमेदवार, त्यांत शासनाचे विरोधकही आले. स्वातंत्र्याचा युक्तिवाद जेथे सर्वांत दुर्बळ ठरतो, तेथेही त्याला मान तुकवली गेली, हे या अहवालाचे मर्म आहे. शेवटी जोडलेल्या सदस्यांच्या स्वतंत्र निवेदनांत मात्र भाषा पालटते. तेथे ‘मी’ बोलतो, मतभेद उघड होतो, आणि मुख्य मजकुरातील एकमत कशाच्या मोबदल्यात मिळाले याचा वाचकाला अंदाज येतो.

आपल्याकडे हाच प्रश्न उलट्या बाजूने आला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात सांगितले. त्यातील मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. त्यांचा रोख शासकीय मक्तेदारीवरही होता : लहरी जनतेच्या, सरकारच्या नव्हेत. नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी खाजगी वाहिन्यांना रोज तीस मिनिटे लोकसेवेच्या आशयासाठी देण्यास सांगितले तेव्हा त्या मालमत्तेचाच हवाला दिला होता. येथे विधी आहे, संख्याही आहे. आणि विषयांची यादीही आहे, जी शासनाने केली : शिक्षण, आरोग्य, शेती, स्त्रिया, दुर्बल घटक, पर्यावरण व सांस्कृतिक वारसा, राष्ट्रीय एकात्मता आणि अशाच काही. यांतील एकाही विषयाला कोणी नाही म्हणणार नाही. परंतु निवडणुकीतील विरोधी उमेदवाराची पाच मिनिटे त्या यादीत नाहीत. जानेवारी २०२३ च्या खुलाशाने ही तीस मिनिटे सलग असण्याची गरज नाही, ती अन्य कार्यक्रमांत मिसळलेलीही चालतील, असे सांगितले. आणि बंधन पाळल्याचा दाखला वाहिनीने स्वतःच द्यावयाचा होता.