कागदांतील पूर्वज

आपला पणजा कोण होता व तो कोठून आला, हें जाणण्याची इच्छा मनुष्यमात्राला स्वाभाविक आहे. परंतु त्या ज्ञानाबरोबर कांहीं ऋणहि पदरीं येतें कीं काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. अमेरिकेंतील एका वसाहतकऱ्याचा कुलवृत्तांत चाळीत असतां आम्हांस तो टाळतां आला नाहीं.

चार्ल्स इंगल्स हा १८३६ सालीं न्यूयॉर्क संस्थानांत जन्मला. त्याची कन्या लॉरा इंगल्स वाइल्डर हिनें आपल्या बालपणावर कादंबऱ्या लिहिल्या, म्हणून त्याचें नांव घरोघर पोंचलें. एरवीं तो हजारों नांगरधाऱ्यांपैकीं एक. विस्कॉन्सिन, कॅन्सस, मिनेसोटा, आयोवा, डकोटा, असें त्याचें बिऱ्हाड आयुष्यभर फिरत राहिलें.

अशा फिरत्या माणसाचा माग लागतो तो सरकारी कागदांवरून. १७९० पासून तेथें दर दहा वर्षांनीं खानेसुमारी होत आली. पैकीं १८४० पर्यंत केवळ कुटुंबप्रमुखाचें नांव टिपीत, १८५० पासून घरांतील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचें. १८९० चीं बहुतेक पत्रकें १९२१ च्या आगीमुळें गेलीं, म्हणून संशोधकाला तेथें वीस वर्षांची दरी ओलांडावी लागते. शिवाय १८६२ च्या कायद्यान्वयें, पांच वर्षें राहून जमीन कसणारास १६० एकर मिळत. त्या हक्काच्या शाबितीसाठीं घेतलेल्या जबान्या अद्याप जपलेल्या आहेत. डी स्मेट गांवाजवळ १८८० त चार्ल्सनें अशीच जमीन मागितली. मागें मागें जावें तों वंशाचा धागा १६२९ सालीं मॅसॅच्युसेट्समध्यें आलेल्या एडमंड इंगल्सपर्यंत पोंचतो. या एडमंडची नात मार्था कॅरिअर हिला १६९२ त चेटकीण ठरवून सेलम येथें फांशीं दिलें. आज अशा स्त्रीशीं नातें सांगण्यांत लोकांस भूषण वाटतें. पुरेशीं वर्षें लोटलीं म्हणजे फांसाचाहि दागिना होतो!

परंतु १८७० चें पत्रक एवढ्या सहजासहजीं दागिना होत नाहीं. त्या सालीं हें कुटुंब कॅन्ससमध्यें, ओसेज जमातीकरितां राखलेल्या भूमीवर राहत होतें. १९३५ च्या कादंबरींत लॉरेनें तें घर इंडिपेंडन्स गांवापासून चाळीस मैल दूर असल्याचें लिहिलें आहे. वास्तविक अंतर तेरा मैलांच्या आसपास. खरें ठिकाण सांपडलें तें खानेसुमारीवरून. म्हणजे ज्या कागदानें पूर्वजाचें घर दाखविलें, त्यानेंच तें परक्याच्या जमिनीवर होतें असेंहि सांगितलें. पुढें इंगल्स कुटुंब १८७१ त विस्कॉन्सिनला परतलें. ओसेज लोकांना मात्र परतावयास जागा उरली नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, पणजाच्या कृत्याचा जाब पणतूस कां विचारावा? पाप वारशानें येत नाहीं, हें आम्हांसहि मान्य आहे. पण मग पुण्य तरी कसें येतें? ज्यानें हिंवाळे सोसले, माळरान नांगरलें, तो आमचा, आणि ज्यानें दुसऱ्याच्या भूमींत खुंट ठोकला तो केवळ आपल्या काळाचा, ही वांटणी आम्हांस प्रामाणिक वाटत नाहीं. चार्ल्स दुष्ट होता असें नव्हे. तो गरीब होता, व सरकारचें धोरण त्याच्यासारख्यांस मूक उत्तेजन देणारें होतें. यानें त्याचा दोष हलका होतो. वंशजानें तेवढेंच पान फाडून ठेवावें, याला मात्र आधार मिळत नाहीं.

आणखी एक गोष्ट. वंशावळ सांगतां येणें हीहि एक मालमत्ताच आहे. १८५० व १८६० च्या पत्रकांत गुलामांची नोंद धन्याच्या नांवाखालीं, वय, लिंग व वर्ण एवढ्यापुरतीच आहे. त्यांचीं नांवें क्वचितच आढळतात. मुक्त झालेल्यांचीं नांवें सरसकट प्रथम लिहिलीं गेलीं तीं १८७० त, म्हणून त्यांच्या वंशजांचा शोध बहुधा त्या वर्षाच्या भिंतीशीं थबकतो. आणि ज्यांच्यावर कर नव्हता अशा मूळ रहिवाशांना तर कित्येक दशकें मोजणींतच धरीत नसत. ओसेज लोक कॅन्सस सोडून दक्षिणेस गेले. तेथें, आपली जुनी भूमि विकून आलेल्या पैशांतूनच, त्यांनीं चेरोकी लोकांकडून नवी भूमि विकत घेतली.