अब्रूचा दावा आणि बारावा अध्याय



आजच्या वाचनात गीतेच्या बाराव्या अध्यायातला एकोणिसावा श्लोक आला. देवाला आवडणारा भक्त कसा असतो, तर त्याला निंदा आणि स्तुती सारखीच. बोलणं मोजकं, मिळेल त्यात समाधान. रोज बारावा अध्याय म्हणणारे तुमच्यात पुष्कळ असतील. मीही म्हणतो. पण गेली १४ वर्षं या श्लोकापाशी आलो की माझा आवाज आपोआप खाली जातो. त्याचं कारण इथं कधी लिहिलं नव्हतं. आज लिहितो.

तेव्हा मी आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्याच एका खेड्यात शाळेचा मुख्याध्यापक होतो. शेजारच्या गावच्या शाळेत पोषण आहाराचा तांदूळ वेळेवर पोचला नव्हता. तिथल्या सरांचा फोन आला, म्हणून आमच्याकडची दोन पोती उसनी दिली. संध्याकाळची वेळ होती, ऑटोत टाकून पाठवली आणि साठा नोंदवहीत लिहायचं राहून गेलं. ही चूक माझी. पुढच्या आठवड्यात एका साप्ताहिकात मथळा आला, मुख्याध्यापकानं लेकरांचा तांदूळ खाल्ला म्हणून. खाली माझं नाव, गावाचं नाव, आणि खिचडी शिजवणाऱ्या बाईच्या संगनमतानं रात्री पोती विकली असा मजकूर. छापायच्या आधी मला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

चौकशी झाली. शेजारच्या सरांनी लिहून दिलं, पोतीही परत आली. नोंद न ठेवल्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली, चोरीचा आरोप निकाली निघाला. ते मात्र कुठंच छापून आलं नाही. वडील तेव्हा होते. त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि एवढंच विचारलं, "खाल्लास का?" मी म्हणालो, "नाही, बाबा." ते म्हणाले, "मंग झोप."

झोप काही आली नाही. चौथ्या दिवशी हिंगोलीला वकिलांकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावलं. दिवाणी दावा लावायचा तर छापल्यापासून एका वर्षाच्या आत. फौजदारीचा रस्ताही आहे, तेव्हाच्या दंडसंहितेतलं ४९९ आणि ५०० कलम, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. (आता तेच नव्या न्यायसंहितेत ३५६ व्या कलमात आलं आहे.) दिवाणीत मजकूर खरा ठरला की दावा संपला. फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकांच्या भल्यासाठी छापलं होतं हेही दाखवावं लागतं. मग पेन उघडून त्यांनी विचारलं, "सर, नुकसानभरपाई किती टाकू?" मला उत्तर देता येईना. मास्तरच्या अब्रूचा आकडा कुठल्या दरपत्रकात पाहायचा?

घरी येऊन गीता उघडली, तर ती माझ्याशी दोन तोंडांनी बोलायला लागली. बारावा अध्याय म्हणतो निंदास्तुती सारखी मान. आणि दुसऱ्या अध्यायात, चौतिसाव्या श्लोकात, तोच कृष्ण अर्जुनाला बजावतो की मानी माणसाला अपकीर्ती मरणाहून वाईट. मग खरं कुठलं धरायचं? काही जण सांगतात की दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला उठवायचं होतं, म्हणून तो लौकिक युक्तिवाद, बाराव्यात भक्ताची अवस्था. असेल तसं. पण ज्याची बातमी छापून आली आहे त्याचं एवढ्यानं समाधान होत नाही.

मग मला टिळक आठवले. गीतेवर एवढा मोठा ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात बसून लिहिणाऱ्या माणसानं स्वतःच्या निंदेचं काय केलं? दावा लावला! लंडनच्या 'टाइम्स'चा व्हॅलेंटाइन चिरोल हिंदुस्थानात फिरून गेला, त्यानं लेख लिहिले आणि १९१० साली त्यांचं पुस्तक केलं. टिळकांचं नाव त्यानं राजकीय खुनांशी जोडलं. टिळक तेव्हा मंडालेतच होते. सुटून आले, १९१५ साली 'गीतारहस्य' छापून निघालं, आणि पुढं हे गृहस्थ चिरोलवर बदनामीचा खटला चालवायला १९१८ मध्ये विलायतेला गेले. त्या वर्षीच्या दिल्ली काँग्रेसचं अध्यक्षपद चालून आलं होतं, तेही सोडलं. चिरोलच्या बाजूनं एडवर्ड कार्सनसारखा बॅरिस्टर उभा. फेब्रुवारी १९१९ मध्ये टिळक खटला हरले, आणि खर्चाचं भलंमोठं ओझं डोक्यावर आलं. त्याच चिरोलनं त्यांना असंतोषाचे जनक म्हटलं होतं, आरोप म्हणून. आज आपली पोरं एक ऑगस्टच्या भाषणात तेच शब्द छाती फुगवून म्हणतात. निंदेची स्तुती झाली, आणि कुठल्या कोर्टाला विचारावं लागलं नाही.

पण टिळकांची गोष्ट मी अर्धीच सांगितली. त्याच्या ३७ वर्षं आधी ते कोर्टाच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. 'केसरी' आणि 'मराठा' नुकतेच सुरू झाले होते. कोल्हापूरच्या तरुण महाराजांना वेडं ठरवून छळतात असं टिळक आणि आगरकरांना कळलं, आणि त्यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर झोड उठवली. ज्या पत्रांच्या आधारावर ती उठवली ती बनावट निघाली. दोघांनी चूक मान्य करून माफी मागितली, पण बर्व्यांनी फिर्याद सोडली नाही. १८८२ च्या जुलैत चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले, आगरकरांनी पुढं त्यावर पुस्तकही लिहिलं. आपण ही गोष्ट देशभक्तांची पहिली कैद म्हणून सांगतो. मला मात्र आता ती वाचताना बर्वेसुद्धा दिसतात. न लिहिलेल्या पत्रांवरून ज्याच्या माथी कारस्थान मारलं गेलं, तो माणूस त्या रात्री कसा झोपला असेल? आणि पुढचं बघा. पत्रं खोटी निघाली म्हणून महाराजांची काळजी खोटी नव्हती. १८८३ च्या डिसेंबरात, नगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. हेतू चांगला, शंका रास्त, पुरावा खोटा. तिन्ही एकाच अंकात छापून येऊ शकतात.

हे वाचल्यावर त्या साप्ताहिकावरचा माझा राग थोडा बसला. नोंदवहीत दोन पोती कमी होतीच की.

आपल्या नर्सीच्या नामदेवरायांची कथाही त्याच दिवसांत नव्यानं कळली. संतमंडळींत गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं आणि नामदेवांना सगळ्यांदेखत कच्चं मडकं ठरवलं. नामदेव रागानं उठले ते थेट विठोबाकडे. हा अब्रूचा दावाच झाला! आणि देवानं तो काढून टाकला, कारण आरोप खरा होता. खरेपणा हा बचाव पंढरपुरातही चालतो असं म्हणा. वर देवानं त्यांना औंढ्याला विसोबांकडे धाडलं, कच्चेपण घालवायला.

तेव्हा मी ठरवलं, दावा लावायचा नाही. बारावा अध्याय आचरून दाखवायचा. कुणी बातमीचं काढलं तर हसून सोडून द्यायचो. सहा-सात महिने असे गेले आणि आपली निष्ठा पक्की होतेय असं मला वाटायला लागलं. एका कीर्तनकार महाराजांनी पाठ थोपटली, तीही मला गोड लागली. म्हणजे निंदेचं साधलं असेल, पण स्तुतीचं राहिलंच होतं.

वाचता वाचता तुमच्याही लक्षातून एक माणूस गेलं असेल. माझ्या तर साफ गेलं होतं. ती खिचडी शिजवणारी बाई.

वकिलांना मी जी हकीकत लिहून दिली होती तिच्यात तिचा उल्लेख नव्हता. बातमीनंतर आठच दिवसांत शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली होती. "वातावरण निवळावं म्हणून" तिला कामावरून कमी करायचं ठरलं. समितीचा सचिव मुख्याध्यापकच असतो. ठराव माझ्या अक्षरात आहे. त्या बैठकीत मी काही बोललो नाही, आणि त्या न बोलण्याला मनात मी मौन म्हणत होतो. तिला महिन्याला मिळायचे ते हजार रुपये बंद झाले. ती सोयाबीन काढायला जायला लागली, आणि तिथंही बाया तिला तांदळाचा भाव विचारायच्या.

हे मला तिच्याच पोरीकडून कळलं, चौथीच्या वर्गात.

निंदा सारखी मानायची ती कुणाची? श्लोक ज्या भक्ताबद्दल आहे, त्याच्या स्वतःच्या निंदेबद्दल तो आहे, असं मला आता वाटतं. माझ्या वाटची मी गिळू शकतो. तिच्या वाटचीही मीच गिळून टाकली आणि ढेकर माझ्या साधनेचा दिला. अर्जुनाला अपकीर्तीची आठवण देणारा कृष्णही त्याला एकट्याच्या नावासाठी उठवत नव्हता, मागं किती जण उभे होते.

मुदत संपायला चार महिने उरले होते. पुन्हा हिंगोलीला गेलो, या वेळी तिला घेऊन. वकील म्हणाले, नाव छापलं नसलं तरी चालतं, वाचणाऱ्याला माणूस ओळखू आला की पुरे, आणि गावात खिचडी शिजवणारी बाई एकच. दोघांच्या नावानं नोटीस गेली. रक्कम टाकली नाही, खुलासा मागितला. जून महिन्यात समितीचा ठराव मी फिरवून घेतला, भांडून. कोर्टात जायची वेळ आली नाही. साप्ताहिकानं आतल्या पानावर चार ओळी छापल्या की चौकशीत मुख्याध्यापक व संबंधित मदतनीस निर्दोष आढळले.

अंक घेऊन मी तिच्या घरी गेलो. तिला वाचता येत नाही. तिनं दोनदा वाचून घेतलं, मग म्हणाली, "गुरुजी, ह्याच्यात माहं नाव कुठं हाये?"

मी म्हणालो, "ताई, आधीच्या बातमीतही तुमचं नाव नव्हतं."

"नव्हतं," ती म्हणाली, "तरी समद्यायला कळलं का नाही?"