शरणागताच्या अंतःकरणाची झडती

रामाचा तळ सागरतीरी पडलेला असता लंकापतीचा सख्खा भाऊ बिभीषण चार सोबत्यांसह येऊन शरण मागू लागला, तेव्हा सुग्रीवाने घेतलेला संशय युद्धनीतीला धरूनच होता. कारण ऐन युद्धाच्या तोंडावर स्वपक्ष सोडून येणाऱ्याचा भरवसा कोणता सेनापती धरील? त्या प्रसंगी वाल्मीकींनी रंगविलेली मसलत मला रामायणातील अत्यंत विचारप्रवर्तक स्थळांपैकी एक वाटते. कोणी म्हणतो, हेर पाठवून शोध घ्यावा. कोणी म्हणतो, गोडीने प्रश्न विचारावेत. आणि हनुमान या दोन्ही सूचनांना हरकत घेतो, ती अशी की, अकस्मात उलटतपासणी सुरू झाली म्हणजे शहाणा मनुष्यही साशंक होतो आणि मित्र म्हणून आलेला दुरावतो. बिभीषणाला राज्याची आकांक्षा आहे, हे रामापासून लपलेले नव्हते. ते जाणूनही त्याने अभय दिले. मग आज युद्धात शस्त्र धरण्याचे नाकारून परमुलखाच्या वेशीवर आलेल्या मनुष्याच्या हेतूची शुद्धता जोखण्याचा अधिकार आश्रय देणाऱ्याला पोहोचतो काय, हा प्रश्न या कथेने माझ्यापुरता तरी निकालात काढला आहे.

युरोपातील दफ्तरांत मात्र तो अद्याप उघडाच आहे. सीरियातील एका तरुणाला शिक्षण पुरे करण्यासाठी लष्करी सेवेतून फेब्रुवारी २०१५ पर्यंत मुदत मिळाली होती. ती संपण्यापूर्वीच त्याने देश सोडला आणि जर्मनीत आश्रयाची दरखास्त केली. जर्मन अंमलदारांनी त्याला दुय्यम दर्जाचे संरक्षण दिले, निर्वासिताचा दर्जा नाकारला. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापुढे गेले, आणि १९ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की, ज्या राज्यात लष्करी सेवेस नकार नोंदविण्याची सोयच नाही तेथून आलेल्याकडे नकाराचा दाखला मागता येत नाही. आणि अशा नकारामागे निव्वळ जिवाची धास्तीही असू शकते हे मान्य करूनही, तो राजकीय वा धार्मिक मताशी निगडित असावा असे गृहीत धरण्यास सबळ आधार आहे. या निकालात मला हनुमानाच्या शहाणपणाचा अंश दिसतो. त्याआधी २०१५ साली मात्र याच न्यायालयाने, इराकच्या युद्धात परत जाण्याचे नाकारणाऱ्या एका अमेरिकी हेलिकॉप्टर-दुरुस्ती करणाऱ्या सैनिकाच्या बाबतीत, युद्धगुन्ह्यांतील सहभाग टाळण्याचा अन्य मार्गच नव्हता हे शाबीत करण्याचा भार त्याच्यावरच टाकला होता. तो स्वेच्छेने भरती झाला होता. त्याची दरखास्त अखेर नामंजूर झाली.

सदसद्विवेक हा पहिल्या दिवसापासून पूर्ण वाढलेला असलाच पाहिजे, हे त्या कठोरपणामागचे गृहीत आहे, आणि ते मला सर्वस्वी अमान्य आहे. फ्रांझ येगरस्टेटर हा ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड या खेड्यातला शेतकरी, गावच्या चर्चची व्यवस्था पाहणारा, तीन लहान मुलींचा बाप. १९४० साली फौजेचे बोलावणे आले तेव्हा तो गेला, त्याने शपथ घेतली, १९४१ च्या वसंतापर्यंत चाकरीही केली. १९४३ च्या मार्चात पुन्हा हुकूम आला, तेव्हा हिटलरच्या या युद्धात आपण लढणार नाही, असे त्याने छावणीत हजर होऊन सांगितले. जखमींच्या शुश्रूषेचे काम करण्यास तो तयार होता, पण ती तयारी कोणी मान्य केली नाही. बिशपानेही त्याला कुटुंबाच्या कर्तव्याची आठवण दिली होती. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला, आणि २००७ साली त्याच चर्चसंस्थेने त्याला धन्य घोषित केले. हा मनुष्य सरहद्द ओलांडून कोणा तटस्थ राष्ट्राच्या दारी गेला असता, तर ‘पूर्वी शपथ घेतली तेव्हा तुझा विवेक कोठे होता?’ हा प्रश्न त्याला खात्रीने विचारला गेला असता. आणि ज्या दोन वर्षांत तो विवेक पिकला, त्यांचा पुरावा त्याने कोणत्या कागदावर दाखविला असता?

येथे महाराष्ट्रातील वाचकाला विनोबांचे स्मरण होईल. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देताना त्यांनी, शेकडो अपराध्यांना फाशी देणारा पण स्वतःचा पुत्र समोर येताच देहदंडाविरुद्ध बोलू लागणारा न्यायाधीश उभा केला, आणि अर्जुनाची युद्धविमुखता अहिंसेतून नव्हे, स्वजनासक्तीतून आली होती, हे दाखविले. ही कसोटी फार खोल आहे. परंतु ती साधकाने स्वतःला लावावयाची आहे. कचेरीतील कारकुनाने अर्जदाराला लावावी यासाठी ती सांगितलेली नाही. युद्धात साह्य करणे अनुचित आहे असे पवनारला जाहीरपणे सांगून त्याच विनोबांनी १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाला प्रारंभ केला, तेव्हा त्यांच्या आसक्तीचे मोजमाप करण्याची गरज सरकारलाही वाटली नाही.

एक आक्षेप गंभीर आहे: जो पळतो त्याच्या जागी दुसरा मरतो. आक्रमण झालेल्या देशाने आपल्या नागरिकाला हे म्हणावे, यात अन्याय नाही, आणि लोकसंग्रहाची, म्हणजे समाजधारणेसाठी कर्तव्यकर्म करण्याची, टिळकांनी केलेली मांडणी डावलून त्याला उत्तर देता येईल असे मी मानीत नाही. पण ते ऋण त्या नागरिकाचे स्वदेशाशी आहे. आश्रय देणारे राष्ट्र त्याचा वसुली-कामदार नव्हे. युद्ध कोणते, आणि परत धाडल्यास या मनुष्याचे काय होईल, एवढेच त्याने पाहावे.

आपल्याकडे लष्करभरतीची सक्ती नाही, म्हणून हा विषय परका वाटतो. परंतु निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही, आणि आश्रयाचा स्वतंत्र कायदाही आपल्यापाशी नाही. तो जेव्हा केव्हा होईल, तेव्हा मारण्यास नकार देऊन आलेल्याला त्यात स्पष्ट शब्दांत स्थान असावे, असा आग्रह आपल्या कायदेपंडितांनी आणि धर्मचिंतकांनी आतापासूनच धरावा, अशी माझी विनंती आहे.