ओ कोणी द्यायची?

भनपुरी हे रायपूरच्या उत्तरेचे, बिलासपूरच्या रस्त्यावरचे, शहराने केव्हाच पोटात घेतलेले गाव. औद्योगिक वसाहत, लाकडाच्या वखारी, पलीकडे उरला आणि बीरगाव. अशा वस्तीतली बाई रोजीवर जाते तेव्हा वर्षाचे मूल बहुधा आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. या बाईला 'मुलाशी बोला, खेळा, त्याच्या हाकेला ओ द्या' असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

सल्ला खोटा नाही. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी 2018मध्ये बालसंगोपनाची एक चौकट मांडली. आरोग्य, पोषण, सुरक्षितता आणि लहानपणापासूनचे शिकणे ही तिची चार अंगे ओळखीची आहेत. पाचवे अंग म्हणजे मुलाने हुंकार दिला की समोरच्याने त्याची दखल घेणे. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या खुरटलेल्या 129 मुलांवर 1986च्या सुमारास एक प्रयोग सुरू झाला. काही घरी आरोग्यसेविका दोन वर्षे आठवड्यातून तासभर जात, घरगुती खेळणी नेत, आईला मुलाशी खेळायला लावत. वीस वर्षांनी ही मुले, अशा भेटी न मिळालेल्यांपेक्षा, सुमारे 25 टक्के जास्त कमावत होती. नुसत्या जादा आहाराचा असा टिकाऊ परिणाम दिसला नाही.

हा आकडा सरकारांपुढे नाचवला जातो, आणि तिथेच मला खटकते. समजा, कमाई वाढली नसती. मग त्या मुलांशी बोलायचे नव्हते? जे मूल मोठेपणी कमावू शकणार नाही, जे चौथ्या वर्षीच जाईल, त्याचे आपण काहीच लागत नाही? चार वर्षांचे आयुष्य हेही आयुष्यच. बालपण ही पुढच्या पगाराची पेरणी आहे असे म्हटले की उगवणार नाही ते बी टाकून द्यायला आपण मोकळे होतो. पैसा मंजूर करून घेण्यासाठी हा युक्तिवाद चालवावा, पण आपणच त्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. 'पालकांचे प्रबोधन' म्हणताना आपण धरून चालतो की गरीब आईला मूल वाढवण्याची समज नाही. काही बाबतीत नसेलही. ती कोणत्या आईला सगळी असते? मला तरी दिसते ती वेळेची वाण. तो वेळ कोणी घेतला, हे विचारले की प्रश्न आईच्या दारातून वखारीच्या फाटकाशी येतो.

मराठी माणसाला हे नवे वाटायला नको. ताराबाई मोडकांनी 1945मध्ये बोर्डीला काम सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून त्यांनी पालकांना बोल लावला नाही, बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी शाळा कुरणात गेली. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी केली, कारण धाकटे भावंड सांभाळायचे म्हणून थोरली मुलगी शाळेला मुकत होती. ही त्या थोरलीची आठवण मला फार मोलाची वाटते. आईची सुटका मुलीच्या पाठीवर बेतते, हे कितीशा योजनांना दिसते?

1975मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली. अंगणवाडी हा शब्द देशभर गेला, पण तिचे दार दिवसातले काही तासच उघडे. तीन वर्षांखालच्यांना तर मुख्यतः घरी न्यायचा आहार. आईची पाळी मात्र आठ तासांची.

छत्तीसगडनेच एक वाट काढली. सरगुज्यात 2012च्या सुमारास 'फुलवारी' सुरू झाल्या: सहा महिने ते तीन वर्षांची मुले एका ठिकाणी, त्यांना शिजवलेले अन्न, आणि आया पाळीपाळीने सांभाळणार. देखणी कल्पना आहे. तरी हिशेब पाहा. जिची पाळी, तिची त्या दिवसाची रोजी बुडते, आणि तिला आपण लोकसहभाग म्हणतो. अंगणवाडीताईच्या पगाराला मानधन म्हणतो, तसेच हे.

गावात शेजार तरी असतो. भनपुरीसारख्या ठिकाणी तोही कामावर गेलेला. 1948च्या कारखाना कायद्याने 30हून अधिक स्त्रिया असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले होते. तेव्हा 29 बायका ठेवणे, किंवा त्या ठेकेदाराच्या नावावर दाखवणे, कोणाला जड होते? 2017च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने अट 50 कामगारांची केली, पण त्या पन्नासात पुरुषही आले. मूल बापाचेही असते, हे मोजणीत तरी कबूल झाले. त्याच दुरुस्तीत आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यावे असेही आहे. लहान वखारी या आकड्यांत बसत नाहीत, हे खरे. पण शेजारच्या पाच-सहांनी मिळून एक खोली घेतली, दोन बायांना पूर्ण पगार दिला, तर त्यांना अडवणार कोण?